कुडा आणि कुरा

ज्याचा स्वतःचाच निकाल राखून ठेवलेला आहे, त्याने चार लोकांनी वाचावं म्हणून लिहावं का, हे मला खरंच कळत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी काही लिहिलेलं नाही. बाबा सही करतात, पण तीही चित्र काढल्यासारखी, जीभ दातांत धरून. आई अंगठा लावते. अशा घरातल्या मुलाने ऋतूंवर आणि झाडांवर लिहायला बसणं म्हणजे बोलावणं नसताना पहिल्या पंगतीला बसण्यासारखं आहे. तेव्हा वाचणाऱ्यांनी क्षमा करावी. वाट बघून मी थकलो आहे, दुसरं काही सुचत नाही, आणि पानगळ पुन्हा आली आहे, म्हणून लिहितो.

पानगळ आली हे आमच्या कोपरीत सहसा कुणाला कळत नाही. इथे झाडं थोडी आणि खाडी जवळ. इथला ऋतू मिठाचा. वारा कोरडा होतो, ओठ खारट लागतात, बाबा उजाडायच्या आत मिठागरावर निघतात आणि त्यांच्या टाचांच्या भेगा पांढऱ्या दिसू लागतात. पण स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला गेलं आणि येऊरच्या डोंगराकडे बघितलं की कळतं. डोंगर एका दिवसात तपकिरी होत नाही, आधी ठिगळाठिगळांचा होतो. एक ठिगळ पिवळं, एक राखाडी, एक अजून हट्टाने हिरवं, आणि मधेच पांगाऱ्याचा लाल ठिपका. गेल्या वर्षी त्या ठिगळांकडे बघितलं की पायांत बळ यायचं. यंदा मी मान खाली घालून जातो.

गेल्या वर्षी मी एम.एस्सी.चा प्रबंध करत होतो. उपग्रहाने आकाशातून घेतलेल्या चित्रावरून जंगलात किती प्रकारची झाडं आहेत याचा अंदाज बांधता येतो का, असा विषय होता. आळीत तो सांगितला आणि पस्तावलो. मित्र म्हणायचे, ''अरे, हा वरून झाडं मोजतो म्हणे! मग आमच्या छपरावर किती कौलं फुटलीत ते पण बघून ठेव रे, पावसाच्या आत!'' मी हसायचो. खरं तर मला वर जायचं नव्हतंच. वरचं चित्र आयतं मिळणार होतं. माझं सगळं काम खाली होतं, काट्याकुट्यांत.

ते चित्र पहिल्यांदा घरी आणलं तो दिवस आठवतो. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी ते माझ्या हातात देताना सांगितलं होतं, ''घडी घालायची नाही, आणि त्यावर चहाचा कप ठेवायचा नाही.'' मी ते गोल गुंडाळून बगलेत धरून घरी आणलं आणि ओटीवर पसरलं. चारी कोपऱ्यांवर आईने तांदळाच्या डब्यांची झाकणं ठेवली. बाबा मिठागरावरून नुकतेच आले होते. ते उकिडवे बसले आणि चित्रावर वाकले.

''यो लाल कंचा रं?'' त्यांनी विचारलं. ''वनवा लागलाय का?''

''नाय बाबा. झारां हान ती.''

''झारां? लाल?''

मी त्यांना समजावलं. आपल्या डोळ्यांना न दिसणारा असाही एक प्रकाश हिरवं पान परत फेकतं, उपग्रहाला तो दिसतो, आणि आपल्याला दिसावा म्हणून चित्रात त्याला लाल रंग देतात. पान जितकं भरलेलं, तितका लाल गडद. पान गळलं की लाल फिका पडतो. बाबांनी ऐकून घेतलं. मग खाडीच्या काळ्या पट्ट्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि बरोबर मिठागरांच्या पांढुरक्या तुकड्यावर आणून थांबवलं. कुणी दाखवलं नव्हतं.

''यो आपला,'' ते म्हणाले. ''मंग ठीक हाय. आमी पन रंगच बघतो. पानी तांबूस जाला का मीठ आलाच समजाचा. पन ऊन कुठून परलाय तो बी बघाला लागतं. या बाजूनी बघशील तर तांबूस, त्या बाजूनी नुसता पानी.''

मी तेव्हा हो हो म्हणालो. चित्र शिकलेल्या लोकांनी काढलं होतं आणि बाबा मिठागरावरचे होते, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

पद्धत साधी होती. चित्र लहान लहान ठिपक्यांचं असतं आणि एका ठिपक्यात आमची अख्खी आळी मावेल. एकेक झाड त्यात दिसणं शक्यच नाही. पण पानगळीत प्रत्येक जातीचं झाड आपल्या वेळेने पानं टाकतं. साग आधी, कुणी मागून, कुणी टाकतच नाही. म्हणून जिथे जाती खूप, तिथे शेजारशेजारच्या ठिपक्यांत लालच्या छटाही खूप असाव्यात, आणि जिथे नुसता साग, तिथे एकच फिकी छटा. मॅडमचा असा कयास होता. तो खरा की खोटा हे मला जमिनीवर जाऊन बघायचं होतं. डोंगरावर बावीस जागा नकाशावर धरायच्या, सुतळीने चौकोन आखायचे, आणि आतली प्रत्येक जात लिहायची. मग चौकोनातल्या जातींची संख्या आणि त्याच जागेवरच्या छटांची संख्या जोडीने वाढतात का ते बघायचं.

जानेवारीत पहिली फेरी झाली, मोठ्या झाडांची. मॅडम स्वतः यायच्या. त्या डोंबिवलीहून यायच्या आणि स्टेशनबाहेरून आम्ही येऊरची बस धरायचो. पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल, आणि पिशवीत नेहमी उकडलेले शेंगदाणे. त्या झाड बघून नाव सांगायच्या, मी लिहायचो. कुडा, धावडा, बेहडा. माझं अक्षर चांगलं आहे. त्यांच्यासमोर मी फार जपून लिहायचो आणि त्याहून जपून बोलायचो. आमच्या आगरी बोलीत ड चा र होतो. झाड नाही, झार. घोडा नाही, घोरा. शाळेत त्यावरून इतकं हसू झालं होतं की घराबाहेर माझ्या तोंडून ड जरा जास्तच जोरात निघतो. एकदा मॅडम म्हणाल्याही होत्या, ''अरे, एवढं ठासून काय बोलतोस? झाड पळून नाही जात.''

दुसरी फेरी मार्चमध्ये, झुडपांची आणि मोठ्या झाडांच्या रोपांची. मॅडमच्या कॉलेजातल्या परीक्षा सुरू झाल्या होत्या, म्हणून मी एकटाच होतो. आणि मार्चमध्ये रोपांवर पान नव्हतं. नुसत्या काड्या. पुस्तकात झाड ओळखायच्या सगळ्या खुणा पानाफुलांच्या असतात. पहिल्या दिवशी एका चौकोनात मी दोन तास बसलो आणि काही लिहू शकलो नाही.

तेव्हा सुकरीबाय भेटली. डोंगरावरच्या पाड्यातली वारली बाई, डोक्यावर लाकडांचा भारा. ती आधी लांबून बघत होती. मग भारा खाली टाकून सरळ सुतळीच्या आत आली.

''काय हरवलाय रं तुझा?''

''काही नाही, बाय. ही कशाची झाडं ते बघतोय.''

''तेवढ्यासाठी दोरी बांधलीस?'' ती हसली. ''एवढी वरसा शिकलास नि झार वलखत नाय? पान नाय तर सालीला विचार.''

तिने कमरेचा कोयता काढला आणि एका काडीला नुसतं टोक लावलं. पांढरं दूध आलं. ''कुरा,'' ती म्हणाली. दुसरीला लावलं, आतून पिवळं निघालं, तिने वास घेतला आणि नाव सांगितलं. त्यानंतर ती रोज आली. कधी मला बघून म्हणायची, ''आला बघा दोरीवाला मास्तर!'' मी डबा उघडला की भाकरीकडे बघून विचारायची, ''सुकी मासली हाय का? नसंल तर आज नावां नाय सांगनार.'' मग आई मुद्दाम जास्तीचे बोंबील द्यायची. सुकरीबाय एका काडीपुढे उभी राहायची, मी वहीत लिहायचो. तिचं बोलणं आमच्या बोलीच्या इतकं जवळचं होतं की कितीतरी दिवसांनी घराबाहेर माझी जीभ सैल झाली होती. उन्हात दमलेलो असायचो, समोर सुधारणारं कुणी नव्हतं. जसं ऐकू यायचं तसं लिहायचो. कुरा, धावरा, बेहरा.

शास्त्रीय नावं नंतर घालू, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं अजून आहे.

तो नंतर आलाच नाही. मे महिन्यात मला काविळीने धरलं. उठलो तेव्हा पाऊस लागला होता आणि प्रबंध द्यायची वेळ जवळ आली होती. डोंबिवलीला पूर्वेला एका पोळीभाजी केंद्राच्या वर कॉम्प्युटरची खोली होती, तिथे एक ताई आकडेमोड करून द्यायच्या. दोन्ही फेऱ्यांच्या याद्या मी इंग्रजी अक्षरांत उतरवून त्यांना दिल्या. त्यांनी प्रत्येक नावाला एक क्रमांक दिला. ''नीट बघून दिलंय ना?'' त्यांनी विचारलं होतं. ''या मशीनला झाडं कळत नाहीत हो, स्पेलिंग कळतं.''

''हो, बघितलंय,'' मी म्हणालो.

यादी मी बघितली नाही. आकडे बघितले. बावीस चौकोन, बावीस ठिपके, आलेखाच्या कागदावर एका चढत्या रेषेला बिलगून बसलेले. जिथे छटा जास्त तिथे जाती जास्त, इतकं स्वच्छ. तो कागद घेऊन मी स्टेशनपासून मॅडमच्या घरापर्यंत अक्षरशः पळत गेलो. त्यांनी दारातच तो उजेडाकडे धरून बघितला आणि आतल्या खोलीकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, ''अहो, आपल्या मुलाने काय आणलंय बघा!'' त्या मला आपला मुलगा म्हणाल्या, हे मी घरी सांगितलं नाही. आईला वाईट वाटलं असतं. मॅडमनी मला शिरा खाऊ घातला आणि एका दूरच्या संस्थेला पत्र लिहिलं. तिथे याच कामासाठी संशोधकाची एक जागा होती. निकाल लागला की मला घेऊ, फेब्रुवारीपर्यंत थांबू, असं त्यांनी कळवलं. गणपतीच्या आधी प्रबंध दिला. काळ्या पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा.

त्याची एक प्रत घरी होती. आई तिला रोज हळदकुंकू लावायची, ते पुसायचं काम माझं. एका रविवारी दुपारी बाबा म्हणाले, ''काय लिवलास तो वाचून तरी दाखव.'' मी प्रस्तावना वाचायला घेतली. त्यांना त्यातलं काही कळेना, मला मराठीत सांगता येईना. मग मी शेवटचं परिशिष्ट उघडलं. झाडांची नावं तरी कळतील. ती इंग्रजी अक्षरांतली नावं मी मोठ्याने वाचू लागलो. बाबा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. ऐन. आसाणा. बेहडा. बेहरा. धावडा. धावरा. कुडा...

''थांब,'' बाबा म्हणाले. त्यांनी डोळे उघडले. ''येकच झार दोन डाव कं वाचतंस?''

मी म्हटलं, ''नाय बाबा, जसा हाय तसाच वाचतो.''

''मंग दोन डाव लिवलास कं? येकदा शालेतला नि येकदा घरातला?'' आणि ते हसायला लागले. त्यांना वाटलं मी गंमत केली आहे. आईही हसली. मी पान धरून तसाच बसलो.

नंतर मी एकटा बसून बघितलं. कुडा आणि कुरा, धावडा आणि धावरा, बेहडा आणि बेहरा, मुरुडशेंग आणि मुरुरशेंग. मोठं झाड मॅडमसमोर शाळेच्या नावाने लिहिलेलं, त्याचंच रोप सुकरीबायसमोर घरच्या नावाने. मशीनने दोन जाती धरल्या. पळस आणि शिवण तेवढे वाचले, कारण आम्ही पलस आणि शिवन म्हणत असलो तरी इंग्रजीत ळ आणि ण वेगळे नाहीत. आणि जिथे जंगल मिसळीचं, तिथे रोपं जास्त, म्हणून चूकही तिथेच जास्त. ज्या चौकोनांनी माझी रेषा वर उचलली होती, नेमके तेच फुगलेले होते. प्रत्येक जात एकदाच धरून मी दुसरी यादी केली आणि पुन्हा मोजलं. ठिपके रेषेपासून सुटून पसरले. चढ होता, नाही असं नाही. पण तो पाहून कुणी शिरा केला नसता.

चार दिवस मी कुणाला सांगितलं नाही. हे लिहिणं कठीण आहे, पण ते चार दिवस झाले, आणि त्यांत मी मनाशी बरंच काही बोललो. कुणाच्या लक्षात येणार आहे? परीक्षक लांबच्या शहरातले, त्यांना कुरा काय ठाऊक. कयास तर खराच आहे, थोडा कमी खरा. आणि मग आठवायचं की ज्याला ठाऊक होतं त्याला ते डोळे मिटून, एका ऐकण्यात कळलं. पाचव्या दिवशी मी डोंबिवलीला गेलो.

मॅडमनी जुना आणि नवा, दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

''किती चौकोनांत?''

''चौदा.''

''कुणाच्या लक्षात आलं?''

''वडिलांच्या.''

''ते काय करतात?''

''मिठागरावर असतात. वाचता येत नाही त्यांना. मी वाचून दाखवत होतो.''

त्या उठून खिडकीपाशी गेल्या. ठाकुर्लीकडच्या बाजूला तेव्हा नव्या इमारतींचे बांबू लागले होते. मग म्हणाल्या, ''माझ्याही लक्षात आलं नाही रे. मी सही केली आहे त्यावर.'' आणि थोड्या वेळाने, ''परीक्षकांना कळणार नाही, हे तुला कळतंय ना?''

''हो, मॅडम.''

''लेखी कळवलं तर निकाल राखून ठेवतील. किती दिवस, सांगता येत नाही. ती जागा जाईल कदाचित.''

''हो, मॅडम.''

''हो मॅडम, हो मॅडम काय करतोस? रागाव तरी.'' त्यांचाच आवाज चढला होता. ''बस इथे. अर्ज मी सांगते, तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे.''

दिवाळीला सगळ्यांचे निकाल लागले. फलकावर माझ्या क्रमांकापुढे लिहिलं होतं, राखून ठेवला. एक मित्र म्हणाला, ''राखीव जंगलात काम केलंस ना, म्हणून निकाल पण राखीव!'' मी हसलो. त्या हसण्याचाही आता कंटाळा आला आहे. आळीत लोक विचारायचे, मग विचारायचे थांबले, ते थांबणं जास्त जड गेलं. आईने प्रबंध कपाटात ठेवून दिला. बाबांना वाटतं की त्यांच्या हसण्यामुळे हे झालं. ते तसं बोलत नाहीत, पण मी घरी असलो की आता मोठ्याने हसत नाहीत. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. आमच्या बोलीत ते सांगायला गेलो, जमलं नाही, शाळेच्या भाषेत सांगायला गेलो, तेही जमलं नाही.

सध्या मी सकाळी एका शिकवणीच्या वर्गात विज्ञान शिकवतो आणि दुपारी काहीच करत नाही. गेल्या आठवड्यात उगाच येऊरला गेलो होतो. घोडबंदर रोडवरून ट्रक जात होते, त्यांची धूळ वरपर्यंत दिसत होती. आमच्या चौकोनांच्या खुणांसाठी खोडांना लावलेला चुना पावसाने धुऊन गेला आहे. पायांखाली पानं वाजत होती. सागाचं पान पडताना पाटी पडल्यासारखा आवाज होतो. कुड्याच्या पानाचा आवाजच येत नाही. एवढ्या काड्यांमधून चालताना मला जाणवलं की मी आता न थांबता ओळखत जातो आहे, सालीवरून, न कापता. आणि मनात प्रत्येकाची दोन्ही नावं येतात, एकामागून एक. आधी यातलं एक मी लपवत होतो. लपवलेलं कुठेतरी दुसऱ्याच क्रमांकावर जाऊन बसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आकाशातून बघणाऱ्याला तर जंगलाची कुठलीच नावं ठाऊक नसतात, फक्त फरक दिसतो. मी मात्र जिथे फरक नव्हता तिथेच तो लिहून ठेवला. दमलो होतो हे खरं, पण नुसतं दमल्यामुळे ते झालं नाही.

हे इथपर्यंत लिहून वही मिटली होती. पुढे काय लिहावं सुचत नव्हतं. काल संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वाण्याने गल्लीत येऊन हाक मारली, ''अरे, तुझा फोन! डोंबिवलीवरून बाई आहेत, लवकर ये!'' मी अनवाणीच धावलो. दुकानात गिऱ्हाइकं होती, मी एका कानात बोट घालून उभा राहिलो.

''निकाल लागला,'' मॅडम म्हणाल्या. ''पास झालास. दुसरा वर्ग. दुरुस्त आकडे मान्य केले, पण निष्कर्षाचं प्रकरण छोटं करायला सांगितलंय. संबंध आहे, पण क्षीण आहे, एवढंच लिहायचं.''

''हो, मॅडम.''

''आणि ती जागा...'' त्या थांबल्या. ''ती भरली. फेब्रुवारी उलटला, आता थांबता येत नाही, असं त्यांचं पत्र आजच आलं.''

वाण्याने काट्यावर गूळ ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

''ऐकतोयस ना?''

''ऐकतोय.''

''यंदा एक मुलगी आली आहे माझ्याकडे, कल्याणची. सोमवारपासून येऊरला जाईल. तिला तुझेच बावीस चौकोन दिलेत,'' मॅडम म्हणाल्या. ''पहिली, चुकीची यादी मी काढून टाकली. तिला तुझी दुसरी दिली आहे.''